व्याह्यांनी दिलेली गाडी

इचलकरंजी, ८ नोव्हेंबर २०२४

व्याही बाळासो चौगले यांस,
शशिधर मगदूमचा नमस्कार.

आदर्श आणि क्रांतीच्या लग्नाला दोन वर्षं झाली. रजिस्टर ऑफिसात सह्या करून तुम्ही मागच्या दारानं गेलात, आम्ही पुढच्या दारानं, ते पुन्हा समोरासमोर आलो नाही. चूक कुणाची हे काढत बसलो तर आणखी दोन वर्षं जातील, म्हणून ते सोडून देतो.

सूनबाई परवा जेवताना म्हणाली, "पप्पांच्या डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. क्लच दाबायचा नाही म्हणून डॉक्टरांनी सांगितलंय. आता फुलेवाडीच्या घराच्या पायरीवर बसतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्यानं गिअर कुठं बदलायला हवा होता ते सांगत असतात." तेहतीस वर्षं एस.टी. चालवलेल्या माणसाचं हे ऐकून माझं जेवणात लक्ष लागलं नाही. फोन करणार होतो. ती म्हणाली, उपयोग नाही. जुन्या बसचं इंजिन ड्रायव्हरच्या डाव्या हाताला असायचं, त्यात तुमचा डावा कान गेला, आणि फोनवर तुम्ही फक्त बोलता. म्हणून लिहितो आहे.

आमच्याकडे एक गाडी आहे, पाच वर्षांपूर्वी घेतलेली. तिला क्लचचं पायडल नाही. गिअर तिचे तीच बदलते. मी यंत्रमागाच्या शेडवर पायी जातो, आदर्शला कंपनीची गाडी आहे, त्यामुळे ती नुसती उभी असते. येत्या रविवारी आदर्श ती तुमच्या दारात आणून लावेल. भेट समजा. नाही म्हणू नका.

गाडीबद्दल जास्त लिहीत नाही. तुम्ही जाणकार आहात.

आपला,
शशिधर बा. मगदूम

*

फुलेवाडी, कोल्हापूर, २० नोव्हेंबर

व्याही शशिधरराव यांस बाळासो चौगलेचा रामराम.

पत्र मिळालं, गाडीबी मिळाली. खरं सांगतो, पत्र वाचल्यावर वाटलं पावणं टोमणा मारत्यात. ड्रायव्हरला बिनक्लचची गाडी म्हंजे पैलवानाला पाळण्यात झोपवल्यासारखं झालं की. पण आमची बायको बयाबाई म्हणाली, "दारात आलेल्याला आधी या म्हणावं, मग काय ते बोलावं." मग मी गाडीत बसलो.

गाडी झकास हाय. स्वभावानं जरा विचारी हाय एवढंच. पाय दिला की लगेच निघत न्हाय. आधी एक श्वास घेती, मग निघती, ती एकदम. पहिल्याच दिवशी समोरच्या चिमणाबाईच्या तुळशीकट्ट्यापातुर गेलो. तुळस शाबूत हाय. कट्टा नवीन बांधून दिला. तसाबी तो जुना झालता.

परवा गंगावेशीत वाहनं तुंबलीती. गाडी उडी घेती म्हणून मी पुढं मोकळी जागा ठेवून उभा ऱ्हायलो. कोल्हापुरात मोकळी जागा कोण ठेवतंय? आधी एक रिक्षा शिरली, मग दोन म्हशी, आणि शेवटी एक आख्खी वरात. मागं सरायला वाट न्हाय, म्हणून मी वरातीमागनं चाललो. गाडी हिसके देत चालली आणि पुढं हलगी वाजत होती. हळूहळू हिसका आणि हलगी एका तालात यायला लागली. लोकांना वाटलं मी गाडी नाचवतोय. नवऱ्यामुलाच्या मामानं बॉनेटवर हार घातला, मला खिडकीतनं फेटा बांधला. कार्यालयात जेवल्याबिगर सोडलं न्हाय. बयाबाईला नवरीकडच्यांनी कुणाची तरी आत्या समजून तिची ओटी भरली. आम्ही कुणाकडचे हे कुणी विचारलं न्हाय आणि आम्हीबी सांगितलं न्हाय.

असं हाय. एकूण गाडीबद्दल तक्रार न्हाय. माझ्या हातात आलेली गाडी आजवर बिघडलेली न्हाय.

सोबत बयाबाईनं केलेली चटणी पाठवतोय. आमच्या डेपोचा ओळखीचा कंडक्टर तुमच्या बाजूला येतो, तो आणून देईल.

बाळासो आकाराम चौगले

*

इचलकरंजी, २५ नोव्हेंबर

व्याही बाळासो यांस नमस्कार.

चटणी पोचली. तुमचं पत्र वाचल्यापासून मला चैन नाही. क्रांती शाळेतून आली तेव्हा मी ते खिशात घातलं. तिच्यासमोर या विषयावर लिहिणं बरं दिसलं नसतं. आज ती तास घ्यायला गेली आहे, म्हणून मोकळेपणानं लिहितो.

तुम्ही मोठ्या मनाचे आहात, तक्रार करत नाही. पण मी आधीच सांगायला हवं होतं. आमच्या घरात आल्यापासून तिचा स्वभाव मला कळलेला नाही. सकाळी थंड असताना झटके देते. पुढं काय करायचं हे आपलं आपण ठरवून बसते, आणि आपल्या मनात वेगळं असलं की दोघांचीही पंचाईत. चार लोकांच्या गर्दीत लवकर तापते. एकदा तापली की कुणाचं ऐकत नाही. अशा वेळी जबरदस्ती करू नये. बाजूला घेऊन अर्धा तास एकटं सोडावं, आपोआप ताळ्यावर येते.

आदर्शनं पहिल्या वर्षी तक्रार केली होती. त्या लोकांनी उलट त्यालाच समजावलं, की तुम्हीच तिला सांभाळून घ्या, हळूहळू तिला तुमच्या घराची सवय होईल. शांता तर तिच्याबरोबर देवळापर्यंत जायलासुद्धा तयार नसायची. एकदा मनात आलं की जिथून आणली तिथं नेऊन सोडावी. पण घेतलेली वस्तू कोण परत घेतं?

हे वाचून वाईट वाटून घेऊ नका. माझ्या मनावरचं ओझं उतरलं.

आपला,
शशिधर

*

फुलेवाडी, २९ नोव्हेंबर

शशिधर मगदूम यांस,

तुमचं ओझं उतरलं, माझं चढलं.

पत्र मी तीन वेळा वाचलं. चौथ्यांदा बयाबाईला वाचून दाखवणार होतो, पण दाखवलं न्हाय. तिचं ब्लडप्रेशर हाय. क्रांतीला विचारलं न्हाय. विचारलं तर "सगळं बरं हाय पप्पा" म्हणणार, लहानपणापासनं तिची तीच रीत.

माझी पोर थंडीत झटके देती, गर्दीत तापती, तिला एकटं सोडावं लागतं? आणि वस्तू? बारावीला तालुक्यात दुसरी आलेल्या पोरीला तुम्ही वस्तू म्हणता? विहीणबाई तिच्यासंगट देवळात जात न्हाईत, हे मला आज कळलं. आदर्शनं तक्रार कुणाकडं केली तेबी सांगा. आमच्याकडं तर आला न्हवता. मग हे "ते लोक" कोण, जे आमच्या पोरीबद्दल सल्ले देत्यात?

रविवारी सकाळी येतोय, तुमच्याच गाडीतनं. गाडी तुमच्या दारात सोडणार आणि पोरीला घेऊन एस.टी.नं परत येणार. तुम्ही हाक मारली तरी चहाला थांबणार न्हाय, आत्ताच सांगून ठेवतो.

बा. आ. चौगले

*

फुलेवाडी, २ डिसेंबर

व्याही शशिधरराव यांस बाळासोचा नमस्कार.

काल मी चहाला थांबलो, जेवलो, दुपारी झोपलो आणि पुन्हा चहा घेऊन निघालो. का आलतो ते मात्र तुमच्यापुढं बोललो न्हाय. तोंड उघडंना. म्हणून लिहितोय.

घरातनं निघालो तेव्हा डोकं नुसतं पेटलंतं. शिरोली नाक्यावर वाहनांची रांग लागली. मुंगीच्या पावलानं अर्धा-पाऊण तास चाललो आणि गाडीच्या काचेवर अक्षरं आली, की गिअरबॉक्स तापला आहे, गाडी बाजूला घ्या. घेतली. मागचे हॉर्न मारत होते, तेबी गेले. सावलीत दगडावर बसलो. करायला काय न्हाय, म्हणून तुमचं पत्र खिशातनं काढलं. तुमच्या दारात कुठली कुठली वाक्यं वाचून दाखवायची, त्यावर खुणा करायच्या होत्या.

"गर्दीत लवकर तापते," असं वाचलं. वर बघितलं. गाडी समोर तापून उभी. "बाजूला घेऊन अर्धा तास एकटं सोडावं." घड्याळ बघितलं, पंचवीस मिनिटं झालीती. मग पहिल्यापासनं सगळं पुन्हा वाचलं. व्याही, त्या पत्रात गाडी हा शब्द तुम्ही एकदाबी लिहिलेला न्हाय.

तेवढ्यात तिथल्या कारखान्यातला एक उतारवयाचा फिटर सायकलवरनं जाताना थांबला. मी म्हटलं, "क्लच न्हाय हिला, तरी तापतीय." तो म्हणाला, "मामा, क्लच न्हाय असं कोण म्हणलं? पायडल न्हाय. क्लच दोन हायत." त्यानं मातीत काडीनं काढून दाखवलं. एक क्लच पहिला, तिसरा, पाचवा गिअर सांभाळतो, दुसरा बाकीचे. एक चालत असतो तवर दुसरा पुढचा गिअर धरून तयार बसतो, आता हा माणूस काय करणार याचा अंदाज बांधून. अंदाज चुकला की हिसका. रांगेत रेंगाळत गेलं की क्लच घासून तापतो.

म्हंजे माझ्या गुडघ्याला एक क्लच झेपत न्हाय म्हणून तुम्ही मला दोन क्लचची गाडी दिली.

परत फिरणार होतो. पण तुम्हाला पत्र पोचलं असणार, आणि येतो म्हणून न आलेला माणूस म्हणून नाव होणार. आलो तर तुम्ही सगळे दारात रांगेनं उभे. क्रांती हसत होती. मला वाटलं, दुःखानं हसतीय. मी म्हटलं, "गाडी दाखवायला आलतो."

अजून एक. तुम्ही आत शर्ट बदलायला गेलता, तेव्हा विहीणबाई पाणी घेऊन आल्या आणि उभ्या ऱ्हायल्या. म्हणाल्या, "लग्नाच्या दिवशी मी तुम्हाला तीनदा नमस्कार केला. तुम्ही तिन्ही वेळा वळूनही पाहिलं नाही. तेव्हापासून ठरवलं, तुमच्या घराची पायरी चढायची नाही."

मी विचारलं, "मी खुर्चीवर बसलो होतो तेव्हा? तुम्ही कुठल्या बाजूला होता?"

त्या जरा आठवून म्हणाल्या, "खिडकीकडं. तुमच्या डाव्या हाताला."

मी डाव्या कानाला हात लावून दाखवला, ह्यानं ऐकू येत न्हाय.  मग माझ्या उजव्या बाजूला येऊन त्यांनी चौथ्यांदा नमस्कार केला. दोन वर्षं आपली दोन घरं माझ्या एका कानापायी बंद होती.

माझं २९ तारखेचं पत्र जाळून टाका.

बाळासो

*

इचलकरंजी, ६ डिसेंबर

व्याही बाळासो यांस नमस्कार.

ते पत्र जाळता येणार नाही. क्रांतीनं ते लपवून ठेवलं आहे, आदर्शबरोबर भांडण झालं की वाचते.

कंडक्टरनं ते रविवारी सकाळी दहाला आणून दिलं, तेव्हा तुम्ही निघाला होता. मी वाचलं आणि मला बसवेना. शांतानं वाचलं आणि देवासमोर जाऊन उभी राहिली. क्रांतीनं माझ्याकडून विचारून घेतलं की मी काय लिहिलं होतं, आणि ओट्याला धरून हसत खाली बसली. तुम्हाला फोन लावत होती, तुम्ही उचलला नाही. गाडीच्या आवाजात तुम्हाला ऐकू आला नसणार.

आता माझी कबुली. गाडी देताना तुमचा गुडघा मनात होता, हे खरं. पण तिच्यापासून सुटका हवी होती, हेही तितकंच खरं. शेडच्या चढावर ती मागं सरकायची. एकदा सुताच्या पोत्यांवर जाऊन बसली. कामगारांनी ढकलून काढली. दुरुस्तीला पाच वेळा नेली. दर वेळी संगणक जोडून सांगितलं, दोष काही नाही, सवयीचा प्रश्न आहे. पाचव्या वेळी मला एक कॅलेंडर दिलं. तुमचं पहिलं पत्र आलं, त्यात तक्रारच नाही. मला वाटलं, एक तर माझ्या हातात दोष, नाही तर हा माणूस मला जोड्यानं मारतो आहे.

गाडी परत घेऊन जातो. सांगा कधी येऊ.

क्रांतीचा हुकूम मात्र वेगळा आहे. म्हणते, आधी चौघांनी त्या गाडीत बसून एकदा पन्हाळ्याला जाऊन या, मग काय ते ठरवा. संक्रांतीनंतरचा रविवार कसा वाटतो?

आपला,
शशिधर

*

फुलेवाडी, २१ जानेवारी २०२५

चि. क्रांतीस पप्पांचा आशीर्वाद.

पन्हाळ्याला काय झालं हे तुझ्या सासऱ्यांनी त्यांच्या परीनं सांगितलं असणार. ते व्यापारी माणूस हायत, नुकसानीची बाजू सांगत न्हाईत. म्हणून मी लिहितो.

मी चालवत होतो, तुझे सासरे शेजारी, दोघी मागं. वाघबीळपातुर झ्याक गेलो. घाट लागला आणि रविवारची गर्दी. रांग एक गाडी पुढं जायची, थांबायची. अर्ध्या घाटात गाडी तापली. काठाला घेतली, चाकामागं दगड लावला. मी आणि व्याही खाली उतरलो.

ते म्हणाले, "तुम्ही ब्रेक सोडून सोडून पुढं सरकता, म्हणून तापते."

मी म्हटलं, "तुम्ही पाच वर्षं सुताच्या पोत्यांवर चढवत होता, मला शिकवू नका."

ते म्हणाले, न्यूट्रलला घ्यायला पायजे होती. मी म्हटलं, घाटात न्यूट्रल म्हणणाऱ्याला आमच्या डेपोत मेमो मिळायचा. व्याही शांत माणूस, पण त्या दिवशी त्यांनी कानडीत काहीतरी म्हटलं. मी उजवा कान पुढं केला. त्यांनी पुन्हा म्हणायला नकार दिला.

आमचं हे चालू असताना मागं दार वाजलं. विहीणबाई उतरल्या. पदर खोचला, पुढं माझ्या सीटवर जाऊन बसल्या. तुझी आई त्यांच्या शेजारी. मला वाटलं, ऊन लागतंय म्हणून जागा बदलून बसल्यात. विहीणबाईंनी काचेवरची अक्षरं गेल्याली बघितली, खिडकीतनं हात काढून माझ्यापुढं बोट केलं आणि म्हणाल्या, "दगड."

मी मुकाट्यानं दगड काढला. का काढला ते मला अजून कळलेलं न्हाय.

गाडी निघाली. पोरी, हिसका न्हाय, मागं सरणं न्हाय, उडी न्हाय. लोण्यातनं सुरी जावी तशी गेली. पुढची रांग हलली तशी गाडी वळणाआड दिसंनाशी झाली, आणि आम्ही दोघं व्याही घाटात उभे.

माझा गुडघा चढाला चालंना. मांडववाल्याचा एक टेंपो आला, मागं खुर्च्या भरलेल्या. त्यानं दोन खुर्च्या सरळ करून दिल्या. आम्ही त्यावर बसून, पाठ पन्हाळ्याकडं आणि तोंड कोल्हापूरकडं करून गडावर गेलो. मागच्या गाड्यांतली माणसं हात हलवत होती. व्याह्यांनी उलट हात हलवला. मग मीबी हलवला.

वर धोंडुबाई नावाच्या बाईच्या टपरीवर दोघी कणीस खात बसलेल्या. गाडी दोन पट्ट्यांच्या बरोब्बर मध्ये लावलेली. मी विचारलं, "कुठं शिकला?" विहीणबाई म्हणाल्या, "शिकायचं काय त्यात. माझी स्कूटीच आहे ही, जरा रुंद. पाय हळू ठेवायचा आणि तिला तिचं काम करू द्यायचं. तुम्ही दोघं तिच्याआधी ठरवत बसता."

तेहतीस वर्षांत मला असं कुणी बोललं न्हवतं. डेपो मॅनेजरबी न्हाय.

पण चारचाकीचं लायसन्स न्हाय म्हटल्यावर मी किल्ली काढून घेतली. कायदा म्हंजे कायदा. परतीला मीच चालवली. प्रत्येक हिसक्याला मागनं विहीणबाईंचा आवाज यायचा, "अण्णा, पाय हळू." वाघबीळ येईपातुर बत्तीस वेळा म्हणाल्या. त्यानंतर म्हणायची गरज पडली न्हाय.

तुझी आई बरी हाय. तीबी आता शिकायचं म्हणतीय. मी ऐकू आलं न्हाय असं दाखवलं.

पप्पा

*

इचलकरंजी, २४ फेब्रुवारी २०२५

अण्णांना शांतादेवीचा नमस्कार.

मला मराठी लिहायची सवय नाही, शाळा कन्नड झाली. क्रांती चुका काढून देते म्हणाली. मी म्हटलं, राहू दे, अण्णा समजून घेतील.

गुरुवारी शिकाऊ लायसन्स मिळालं. संगणकावर प्रश्न विचारले, सगळे बरोबर आले. शेजारचा माणूस तीनदा नापास झाला होता, त्यानं मला विचारून विचारून उत्तरं दिली. गाडीला लाल अक्षराची पाटी लावायची आहे, ती आदर्शनं आणली.

गाडी आता कुणाची, यावर हे आणि तुम्ही पत्रं लिहीत बसू नका. ती महिन्याचे पंधरा दिवस तुमच्या दारात राहील, पंधरा दिवस इथं. बयाक्काशी माझं तसं ठरलं आहे. तुम्हाला कळवते आहे.

आता काम. माझी तवरमनी संकेश्वर. तुमच्या भाषेत माहेर. आई गेली त्याला नऊ वर्षं झाली, तेव्हापासून मी तिथं गेले नाही. घरात आता थोरली काकू आहे, तिला आम्ही आक्का म्हणतो. बोलवत असते. पण आमच्यात लेकीला न्यायला भाऊ येतो, आणि मला भाऊ नाही. एस.टी. आहे, आदर्श आहे, हे आहेत, सगळं आहे. तरी आपण होऊन उठून जायचं मन होत नाही. कुणी न्यायला आलं नाही आणि मी गेले नाही, अशी नऊ वर्षं गेली. हे मी कधी कुणाला सांगितलं नाही. ह्यांनाही हे पत्र टाकल्यावर सांगणार आहे.

शिकाऊ माणसाच्या शेजारी पक्कं लायसन्सवालं कुणीतरी बसावं लागतं. ह्यांचं संपलं आहे, नवीन केलेलं नाही.

रविवारी सकाळी मी आदर्शला घेऊन फुलेवाडीला येते. तो तिथं उतरून एस.टी.नं परत येईल. बयाक्का मागं बसतील, मी साडी आणि फुटाण्याची पिशवी घेते. तिथं पोचल्यावर आधी तुम्ही उतरा, दार वाजवा आणि आक्काला सांगा, की शांताला घेऊन आलो आहे. मग मी उतरेन.

गाडी मीच चालवणार. तुम्ही नुसतं भाऊ म्हणून बसा.

शांता